दुखायचं थांबलं म्हणजे विंचू उतरला? एका दंशाचं प्रकरण

ज्याच्यावर हे गुदरलं, त्याने हा मजकूर छापण्याआधी वाचला आहे आणि होकार दिला आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नातं आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. नाडी, रक्तदाब आणि वेळा मात्र त्या रात्रीच्या केसपेपरवरून घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

माझा दवाखाना रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीपासून थोडा आत आहे. तीन खाटा, एक ईसीजीचं मशीन, एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि एक सिस्टर. उपजिल्हा रुग्णालय चाळीस किलोमीटरवर, आणि रस्ता वळणांचा.

मे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे आगोटीची, पावसाआधीच्या तयारीची घाई. लाकूडफाटा पडवीत आणायचा, शेणी रचायच्या, कौलं चाळायची, पडलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उभा करायचा. चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, तेव्हा ही कामं त्यांच्याच अंगावर पडतात. आणि लाल विंचवाची आवडती जागा नेमकी हीच: जांभ्याच्या फटी, चिऱ्यांखालची ओल, शेणींचा ढीग, सुटलेली साल. तो निशाचर. तिन्हीसांजेला हात फटीत गेला की गाठ पडते.

आमच्याकडे लोक घाबरतात ते इंगळीला, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाला. तिच्या नांग्या जाडजूड, रूप भयंकर. ती चावली तर माणूस कळवळतो, पण बहुधा तेवढ्यावरच निभावतं. जिवावर उठतो तो आकाराने लहान, तांबूस-पिवळट, बारीक नांग्यांचा आणि त्या मानाने जाड शेपटीचा. त्याला पाहून कोणी फारसं दचकत नाही.

रुग्ण २९ वर्षांचा, मुंबईत नोकरीला, एरवी धडधाकट. वजन ५८ किलो. कुठलंही औषध चालू नव्हतं.

काय घडलं

संध्याकाळी सात-सव्वासातच्या सुमाराला गडग्याचा चिरा उचलताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाला डंख बसला. त्याने बोंब ठोकली, भावाने चिरा उलटला, विंचू चपलेने मारला आणि फरसाणाच्या रिकाम्या बरणीत टाकला. ही बरणी पुढे फार कामाला आली. मनगटाला दोरी आवळली, बोटाला चुना लावला आणि त्याला वाडीतल्या आबांकडे नेलं. आबा विंचू उतरवतात. सत्तरीचे आहेत, पैसे घेत नाहीत, आणि त्यांच्याकडे जाणं हा त्या वाडीत वाद घालण्याचा विषय नाही.

पाऊण तास मंत्र चालला. पहिली वीस मिनिटं रुग्ण दुखतंय म्हणून हात आपटत होता. मग दोन उलट्या झाल्या. मग घाम सुटला, असा की बनियन पिळता आला असता. आणि मग तो गप्प झाला. विचारलं तर म्हणाला, आता तितकं दुखत नाही.

घरच्यांच्या जिवात जीव आला. उतरला! पण आबांनी पावलांवरचा भस्माचा हात उचलला नाही. तळपाय गार लागले म्हणून त्यांनी पोटऱ्या चाचपल्या, गुडघे चाचपले. नंतर मला त्यांनी स्वतःच सांगितलं, "दुखत नाय म्हणाला आणि पाय मेल्यासारखे. असा एक मी पूर्वी घालवलाय." त्यांनी मंत्र अर्ध्यावर टाकला आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. या प्रकरणातला पहिला अचूक निदानाचा क्षण माझ्या दवाखान्यात नव्हे, त्या ओटीवर आला.

मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला आठ वीसला माझ्याकडे आणलं. थोरल्या भावाचं पहिलं वाक्य: "डॉक्टर, आता दुखत नाय म्हणतो. म्हणजे उतरला ना?"

अडचण

तपासलं तेव्हाचं चित्र असं. नाडी मिनिटाला ५६, मध्ये मध्ये ठोका चुकत होता. रक्तदाब १५०/१००. उलट्या चालूच, तोंडाला लाळ, कपाळावरून घामाच्या धारा. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत थंड. श्वास मिनिटाला २२, छाती मोकळी. बोटावर सूज नावाला. दुखत नाही म्हणत होता, पण डंखाच्या जागी टिचकी मारली तर झटक्यात हात मागे ओढला. ही टिचकी उपयोगी पडते: विंचू दिसला नसला तरी जागा नक्की होते.

मांडीवर टॉवेल धरून बसला होता आणि तो सोडत नव्हता. भावाला बाहेर जायला सांगून विचारलं, तेव्हा कळलं की लिंगाला ताठरता आली आहे आणि ती जात नाही. लाजेने त्याने आबांनाही सांगितलं नव्हतं. हे लक्षण लोक लपवतात, आणि डॉक्टरही विचारायला संकोचतात. पण विष अंगभर पसरून स्वायत्त चेतासंस्थेपर्यंत पोचलं, याची ही भरवशाची खूण.

आता अडचण अशी होती की एप्रिलमध्ये याच खाटेवर आंबाबागेतला एक फवारणी कामगार आला होता. त्याची लक्षणं? उलट्या, घाम, लाळ, मंद नाडी. कीटकनाशकाची विषबाधा. त्याला ॲट्रोपीन दिलं, पुढे पाठवलं, तो वाचला. सिस्टरच्या डोक्यात ते ताजं होतं. मी नाडीचा आकडा उच्चारला आणि मागे वळलो, तोवर तिने ॲट्रोपीनची कुपी फोडून सिरिंज भरलीही होती. चूक तिची नव्हती. कागदावर दोन्ही रुग्ण एकसारखेच दिसत होते.

आत काय चाललं होतं

इथे थोडं थांबून शरीराच्या कारभाराकडे बघावं लागतं, नाहीतर पुढचे निर्णय नशिबाचे वाटतील.

हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, घाम, डोळ्यातल्या बाहुलीचा आकार, रक्तवाहिन्यांचा ताण, मूत्राशय ही सगळी कामं आपल्याला न विचारता चालतात. ती चालवणाऱ्या यंत्रणेला 'स्वायत्त' हे नाव केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १८९८ मध्ये दिलं. नाव थोडं फसवं आहे, कारण मेंदूतल्या अधश्चेतक आणि लंबमज्जा या भागांची देखरेख तिच्यावर सतत असते. फक्त आपल्या इच्छेची नसते.

तिच्या दोन मुख्य शाखा. अनुकंपी शाखा छाती आणि कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघते. ती हृदय पळवते, रक्तवाहिन्या आवळते, बाहुली मोठी करते, श्वासनलिका रुंदावते, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन सोडायला लावते. परानुकंपी शाखा मेंदूच्या तळातून आणि माकडहाडाच्या वरच्या मणक्यांच्या पातळीतून येते. ती हृदय संथ करते, लाळ आणि पाचकरस वाढवते, आतडी हलवते, बाहुली लहान करते. तिचा सर्वांत मोठा तंतू व्हेगस. मानेतून उतरून छाती आणि पोटभर पसरलेला.

शाळेत शिकवतात की एक शाखा गाडीचा ॲक्सिलरेटर आणि दुसरी ब्रेक. हृदयापुरतं ते खरं आहे. हृदयाची स्वतःची लय मिनिटाला शंभरच्या आसपास असते. विश्रांतीत ती सत्तरावर दिसते ती व्हेगसने दाबून धरलेली असते. पण सगळीकडे ही जोडी नाही. बहुतेक रक्तवाहिन्यांना परानुकंपी तंतूच जात नाहीत. तिथे अनुकंपी शाखा एकटीच ताण वाढवते किंवा सैल सोडते. घामाची गंमत आणखी वेगळी. घामाच्या ग्रंथींना येणारे तंतू अनुकंपी, पण त्यांच्या टोकाला सुटणारं रसायन ॲसिटिलकोलीन, जे एरवी परानुकंपी टोकांवर सुटतं. त्यामुळे घाम दोन्ही प्रकारच्या गोंधळात सुटतो आणि निदानाला एकटा फारसा कामाचा नाही.

लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियमच्या दारांवर बसतं. संदेश गेल्यावर ही दारं लगेच मिटायला हवीत. विषामुळे ती मिटत नाहीत. पोटॅशियमच्या काही वाटाही विषातला एक घटक अडवतो. परिणाम असा की तंतू विझायचा थांबतो, आणि त्याच्या टोकाशी साठवलेलं रसायन सांडतच राहतं. दोन्ही शाखांचं! आधी ॲसिटिलकोलीनचा जोर दिसतो: उलटी, लाळ, मंद नाडी, ताठरता. हा काळ थोडाच टिकतो. मग नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ते गार. दाब चढतो, नाडी पळते. हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त रेटावं लागतं, त्यात त्याचे स्नायू स्वतःच या रसायनांनी भाजून निघतात, आणि शेवटी मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. विंचवाने माणूस मरतो तो बहुतेक वेळा या पाण्यात बुडून.

कीटकनाशकाची गोष्ट वेगळी. सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधं ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. ते रसायन साचत जातं आणि आपण होऊन ओसरत नाही. तिथे ते जाऊन बसतं त्या जागा, म्हणजे त्याचे ग्राहक, ॲट्रोपीनने झाकणं हाच इलाज. विंचवाच्या रुग्णाला तेच ॲट्रोपीन दिलं, तर अनुकंपी लोंढा येण्याच्या ऐन वेळी आपण व्हेगसचा ब्रेक काढून टाकतो.

निर्णयाचा पहिला टप्पा: सिरिंज

दोघांमधला फरक बाहुलीत होता. एप्रिलमधल्या कामगाराच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. याच्या मोठ्या, बॅटरीचा उजेड टाकल्यावर नाइलाजाने हलणाऱ्या. मंद नाडी आणि मोठी बाहुली एकाच माणसात, म्हणजे दोन्ही शाखा एकाच वेळी ओरडताहेत. एकट्या परानुकंपी शाखेचं हे काम नाही. शिवाय बरणीतला विंचू तांबडा होता आणि नांग्या सडपातळ.

सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. बाहुली बघून हा निर्णय घेतला, असं मी इथे लिहितोय. खरं सांगायचं तर आधी बरणी बघितली, मग बाहुली. बरणी नसती तर मी बाहुलीपर्यंत लगेच पोचलो असतो का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: आहे तसाच जीपने पुढे पाठवायचा. वाडीतली जीप दहा मिनिटांत येणार होती. पण सव्वा तासाचा प्रवास, औषधाशिवाय, आणि लोंढा नेमका त्याच तासात येणार.

दुसरा: औषध चालू करून इथेच रात्र काढायची. हे औषध म्हणजे प्राझोसिन. रक्तवाहिन्यांवर नॉरॲड्रेनॅलिन जिथे बसतं ते अल्फा ग्राहक ते अडवतं, नळ्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. कोकणातल्या डॉक्टरला यासाठी परदेशी पुस्तक उघडावं लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपणं काढत होते. त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पुढच्या दोनेक वर्षांत त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. त्याआधी अशा गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस ते तीस दगावत; प्राझोसिननंतर त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या भागात मात्र अजून अनेकांना ते 'महाडचे विंचूवाले डॉक्टर' म्हणूनच माहीत आहेत.

तिसरा पर्याय: प्राझोसिन देऊन, १०८ची रुग्णवाहिका बोलावून, प्रतिविषासाठी पुढे न्यायचं. विंचवावरचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होतं, आणि उपजिल्हा रुग्णालयात त्याचा साठा आहे हे फोनवर कळलं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं. आधीच सांडलेल्या ॲड्रेनॅलिनला ते काही करू शकत नाही. म्हणून लवकर द्यायला हवं, पण प्राझोसिनऐवजी नव्हे. २०११ मध्ये 'बीएमजे'त (ब्रिटिश मेडिकल जर्नल) आलेल्या बावस्करांच्या ७० रुग्णांच्या चाचणीत दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते. फक्त प्राझोसिन मिळालेल्यांत ८.

मी तिसरा घेतला. १०८ला फोन आठ तीसला गेला. गाडी दुसऱ्या रुग्णाला सोडायला गेलेली. पोचायला दीड-दोन तास लागतील म्हणाले.

केलेली कृती

आठ पस्तीसला उलटीवरचं इंजेक्शन आणि प्राझोसिनची पहिली गोळी. इथे एक अडचण सांगायलाच हवी. औषधांच्या दुकानात हल्ली प्राझोसिन बहुधा मिळतं ते हळूहळू विरघळणाऱ्या 'एक्सएल' प्रकारात, रक्तदाबाच्या रुग्णांसाठी. विंचवाला ते चालत नाही, आणि कुटून देणं तर धोक्याचं. साधी, एक मिलिग्रॅमची गोळी हवी. माझ्या कपाटात तिची एकच पट्टी होती आणि तिची मुदत दोन महिन्यांनी संपणार होती. (मात्रा वजनावरून ठरते आणि ती डॉक्टरनेच ठरवायची, हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये.)

पाच मिनिटांत गोळी उलटून पडली. भांड्यात अख्खी दिसली, म्हणून दुसरी दिली. भांड्यात बघणं किळसवाणं वाटतं, पण गोळी दिसली नसती तर पुन्हा द्यायची की नाही हा मोठाच पेच होता. दुसरी टिकली.

आठ पन्नासला वारं फिरलं. नाडी ५६ वरून १२४. रक्तदाब १७०/११४. ईसीजीत टी लहरी उंच, अणकुचीदार. बोटातून साखर तपासली: २१४, मधुमेहाचा काही इतिहास नसताना. ॲड्रेनॅलिन यकृतातली साखर बाहेर काढतं आणि इन्सुलिन दाबून ठेवतं, त्याचा हा आकडा. भरलेली ती सिरिंज अजून ट्रेमध्ये पडली होती. मघाशी ती टोचली असती तर ही १२४ नाडी किती झाली असती, हा विचार माझ्या आणि सिस्टरच्या डोक्यात एकदमच आला असावा. तिने काही न बोलता ती उचलून टाकून दिली.

नऊ पंधराला तो खोकू लागला. श्वास ३०. पाठीवर दोन्ही बाजूंना खाली केस चोळल्यासारखा बारीक आवाज. पाणी उतरू लागलं होतं.

हा निर्णयाचा दुसरा टप्पा. प्राझोसिन दिलेल्या माणसाला आडवं ठेवायचं, कारण उठवलं तर दाब कोसळतो. फुप्फुसात पाणी आलेल्या माणसाला बसतं करायचं, कारण आडवं ठेवलं तर गुदमरतो. दोन्ही नियम बरोबर, आणि माणूस एक. त्या घडीला रक्तदाब वरच होता, गोळीचा अंमल अजून यायचा होता, आणि मारणारी गोष्ट पाणी होतं. खाटेचं डोकं साधारण तीस अंश उचललं, पाय सरळ ठेवले, ऑक्सिजन लावला, सलाइन फक्त शीर उघडी राहावी इतकंच. दर दहा मिनिटांनी दाब.

पावणेदहापासून दाब उतरू लागला. १४०/९४, मग १२६/८४. खोकला कमी झाला. पाठीवरचा आवाज खालच्या दोन बोटांपुरता राहिला. मी पाय चाचपले. घोट्याच्या वर किंचित ऊब होती. मी सुस्कारा सोडला आणि १०८वाल्यांना रस्ता सांगायला अंगणात गेलो, कारण आमच्याकडे आत रेंज नसते.

दहा पाचला आतून धप्प असा आवाज आला.

त्याला लघवीला लागली होती. भावाने मायेने काखेत हात घालून उभं केलं. दोन पावलं आणि तो कोसळला. दाब ८०/५०.

हे होणारच होतं, आणि कारण पुन्हा तीच यंत्रणा. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाब मोजणाऱ्या टोकांना ते लगेच कळतं, लंबमज्जेला वर्दी जाते, अनुकंपी शाखा पायांतल्या नळ्या आवळते आणि हृदय जरा पळवते. एका-दोन ठोक्यांत हे सगळं सुरू होतं, म्हणून आपल्याला कधी कळतही नाही. प्राझोसिनने ती आवळणारी कळच बंद केली होती. वर्दी गेली, हुकूम निघाला, पण नळ्यांनी ऐकलं नाही. त्यात घाम आणि उलट्यांमुळे अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं.

डोकं खाली, पाय उशीवर, दोनशे मिली सलाइन सावकाश. सात-आठ मिनिटांत १०४/७०. डोकं आपटलं नव्हतं, कोपर सोललं होतं. भाऊ दाराशी उभा राहून रडत होता. "दादा, तुमची चूक नाही, मी सांगायला हवं होतं," असं मी म्हणालो, आणि ते समजूत घालण्यासाठी म्हटलेलं नव्हतं.

दहा पंचवीसला गाडी आली. मी सोबत गेलो. वाटेत दर पंधरा मिनिटांनी दाब, आणि हात त्याच्या तळपायावर. अकरा चाळीसला रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत प्रतिविष चालू केलं आणि थोड्याच वेळात प्राझोसिनची पुढची मात्रा दिली.

परिणाम

पहाटे पाचच्या सुमाराला पाय तळव्यांपर्यंत गरम झाले. प्राझोसिन कधी थांबवायचं हे ठरवायला याहून चांगलं मोजमाप नाही. सकाळी छाती मोकळी होती. आणि सकाळीच बोट दुखू लागलं, चांगलंच. आईला मी फोनवर सांगितलं की दुखतंय ही बातमी चांगली आहे. "काय बोलता, डॉक्टर!" म्हणाल्या.

दुखणं का जातं आणि का परततं, याचा उलगडा सोपा नाही. पण अनुभव पक्का आहे. जो विंचवाने आरडाओरडा करत येतो आणि ज्याचे हातपाय गरम आहेत, तो बहुधा बोट बधिर करणाऱ्या इंजेक्शनवर घरी जातो. जो शांत, ओला आणि गार येतो, त्याची काळजी.

ईसीजीत टी लहरी काही दिवस उलट्या राहिल्या. चौथ्या दिवशी घरी सोडलं. दोन आठवड्यांनी केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं आकुंचन नेहमीसारखं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मुंबईला परतला, गडगा अर्धाच राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

आबांकडे गेलेला पाऊण तास वाया गेला, असं म्हणणं सोपं आहे. मनगटाची दोरी तर निव्वळ त्रासाची होती. पण त्या वाडीत माझ्याआधी आबांकडेच जाणार, हे गृहीत धरून चालावं लागतं. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांना मंत्र सोडायला सांगितलं नाही. एवढंच ठरवलं की आलेल्याचे पाय आधी चाचपायचे, उलटी झाली का विचारायचं, आणि पाय गार असतील तर मंत्र जीपमध्ये म्हणायचा. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी दोन जणांना पाठवलं. एकाचे पाय खरंच गार होते. दुसऱ्याला इंगळी चावली होती आणि तो त्यांच्या दारातच इतका ओरडत होता की त्यांनीच वैतागून पाठवला असावा.

ॲट्रोपीनची कुपी आता वेगळ्या खणात असते आणि खणावर सिस्टरच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'आधी बाहुली'. साध्या प्राझोसिनच्या दोन पट्ट्या एप्रिलमध्येच मागवून ठेवतो.

पडण्याचं काय? ती पूर्णपणे माझी चूक. गोळी देताना मी भावाला 'झोपून राहू दे' म्हणालो होतो, आणि आपल्याकडे 'झोपून राहा' म्हणजे आराम करा, लघवीला उठायला हरकत नाही, असाच अर्थ होतो. भांडं खाटेखाली होतं आणि ते मी दाखवलं नाही. आता गोळीसोबत भांडं हातात देतो आणि नातेवाइकाकडून उलट वदवून घेतो: उठवलं तर काय होईल? रेंजसाठी मी बाहेर जायचं नाही, भावाला पाठवायचं.

एका मुद्द्यावर उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनशी माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, दुसरी गोळी टिकल्यावर, पावणेनऊलाच, मी त्याला जीपने घेऊन निघायला हवं होतं. प्रतिविष पावणेदोन तास आधी मिळालं असतं. माझं म्हणणं, नऊ पंधराला पाणी उतरलं तेव्हा आम्ही जीपमध्ये, घाटात, ऑक्सिजनशिवाय असतो, आणि त्या सीटवर ना आडवं करता आलं असतं ना धड बसतं. ते म्हणतात, प्रतिविष लवकर मिळालं असतं तर इतकं पाणी कदाचित उतरलंच नसतं. मी म्हणतो, नऊ पंधराच्या आत आम्ही तिथे पोचलोच नसतो. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा त्यांनी चहाच्या कपांनी टेबलावर रस्ता मांडला आणि पेनाने वेळा लिहिल्या. त्यांच्या हिशोबातही जीप दहा वाजता पोचत होती.